सव्वासातची बस आणि बिनड्रायव्हरची गाडी

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. यंदा दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता. ती दप्तर घेऊन फाट्यावर उभी होती आणि बस आली नाही. फेरीच बंद केलीय, हे तिला पावणेनऊला दूधवाल्यानं सांगितलं. आधी कळवावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

ती बारावीत. कॉलेज तालुक्याला, आणि त्या वेळची दुसरी बस नाही. वडील म्हणाले, तालुक्याला खोली करून सगळेच जाऊ, नाहीतर हिनं घरी बसावं. तिला गावही सोडायचं नव्हतं आणि कॉलेजही. दोन्ही मागते म्हणजे हट्टी, असं घरात ठरलं.

त्याच आठवड्यात पुण्याचे मामा फाट्याजवळचा प्लॉट बघायला आले. थोड्या वर्षांत बिनड्रायव्हरच्या गाड्या येणार, मग शहरात कोंडून राहायचं कशाला, गावात राहायचं, गाडीत झोपायचं आणि ऑफिसच्या दारात उठायचं, असं त्यांनी ओट्यावर बसून समजावलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"ड्रायव्हरच न्हाई, मग शेळ्या आडव्या आल्यावर शिव्या कोन देनार?"

मामासुद्धा हसले. मला हसू येईना. मामांना गाव निवडता यावं म्हणून उद्याची गाडी येणार, आणि ज्या पोरीनं गाव आधीच निवडलंय तिची आजची बस बंद. मी तोंडावर म्हणाले, "मामा, तुमची गाडी येईल तवा येईल. हिची बारावी यंदा हाय."

दुसऱ्या दिवशी बसच्या कार्यालयात गेले. साहेबांनी कागद पुढं सरकवला. मोजणी शनिवारी केली होती आणि बस रिकामी निघाली होती. शनिवारी बसच्या वाटेवरच्या काष्टीला शेळ्यांचा बाजार. शेळीला बसमध्ये घेत नाहीत, आणि आमच्याकडं शेळी टेम्पोत अन् मालक बसमध्ये असं कधी होत नाही. माणूस शेळीला धरून उभाच जातो. राहिल्या कॉलेजच्या पोरी. त्यांचा पास, तिकीट फाटत नाही, म्हणून त्या मोजल्याच नव्हत्या.

मी पत्रक काढलं. मथळा होता : 'पोरी मोजल्या नाहीत, मग मोजलं काय?' तीन आठवडे ते वाटलं, तीन आठवडे त्या कार्यालयाच्या बाकावर बसले. शेवटी साहेब कंटाळले. एक आठवडा बस सोडतो, पुन्हा मोजतो म्हणाले. शनिवार धरून, हे त्यांनी हसत सांगितलं.

बाकीच्या दिवसांची चिंता नव्हती. शनिवारी शेळ्या टेम्पोत धाडून मालकांनी बसनं जावं, म्हणून देवळापुढं बैठक घेतली, तर चुलते अडून बसले. शेळी एकटी कशी धाडायची, ती घाबरते, हा त्यांचा मुद्दा होता, आणि निम्मं गाव माना डोलावत होतं. तेव्हा माझी बहीण उठली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"तात्या, तुमी बसमधी बसा. टेम्पोत शेळ्या आमी पोरी धरतो. आमाला तसंबी कुनी मोजत न्हाई."

चुलत्यांनी टेम्पो कुणाचा, एवढंच विचारलं.

शनिवारी सव्वासातला बस फाट्यावरून निघाली तेव्हा दारापर्यंत माणसं होती. मोजायला आलेल्या माणसालाच बसायला जागा मिळाली नाही. मागच्या टेम्पोत सहा पोरी शेळ्या धरून उभ्या होत्या, आणि खिडक्यांतून बाहेर माना काढून सगळे मालक आपापली शेळी बघत होते. चुलते तर काष्टी येईपर्यंत मान आत घेईनात.

फेरी कायम झाली. खोलीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बहीण रोज सव्वासातला जाते आणि संध्याकाळी आपल्या घरी येते. गेल्या महिन्यात मामा त्याच बसनं आले. फाटा आला तेव्हा ते गाढ झोपले होते, ड्रायव्हरनंच हाक मारून उठवलं.

तुमच्याही गावाची एखादी फेरी बंद झाली असेल. ती कोणत्या वारी मोजली आणि कुणाला मोजलं नाही, हे उद्या सकाळी त्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत तिथल्या बाकावरून उठू नका.