शनिवारचा शेवटचा तास

वत्सला मॅडम सौंसरहून बसनं पांढुर्ण्याच्या शाळेत येत. शनिवारचा शेवटचा तास त्यांचा. त्या तासाला पुस्तक बंद, मार्क बंद, बक्षीस बंद. ज्याला जे सुचेल ते त्यानं बनवायचं. कसं, म्हणून कोणी विचारलं की मॅडम चष्मा नाकावर ओढून, मान तिरपी करून, एका सुरात म्हणत, "मी नाही सांगत. करून पाह्य." अख्खी शाळा त्यांची नक्कल करायची. हेडमास्तर हेमराज सरांना नक्कल आवडे, तास नाही. इनामाशिवाय पोरगं हात हलवते का मॅडम, समजले का, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मॅडम हसून सोडून देत.

पण उर्वशीचं त्यांच्या मनाला लागून होतं. पोरगी नदीपलीकडच्या सावरगावची. बाकीची पोरं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे पूल बांधत, मातीचे बैल करत. ही हात बांधून बसे. फळ्यावरचं उतरवण्यापलीकडे तिनं कधी काही केलं नव्हतं. या पोरीनं एकदा, कोणी न सांगता, काहीतरी करावं, मग आपली नोकरी फळली, असं मॅडमना वाटे.

पोळा जवळ आला आणि उर्वशी कामाला लागली. सुतळी वळली, उकलली, पुन्हा वळली. जुन्या चपलेचं चामडं कापून भिजवलं. डबा खायलाही उठेना. मॅडमचं ऊर भरून आलं. मग एकेक पोरगं आपलं काम टाकून तिच्याभोवती बसायला लागलं, सावरगावचं तसं पांढुर्ण्याचंही. वर्ग चूप झाला. तो चूपपणा मॅडमना आधी आवडला.

पोळ्याआधीच्या शनिवारी ते पुरं झालं. गोफण होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारणार. मागच्या वर्षी त्यातच उर्वशीच्या मोठ्या भावाचा, संदीपचा डोळा गेला होता.

"हातानं फेकलेला दगड मधातच पाण्यात पडते, मॅडम," उर्वशी म्हणाली. एवढं ती एका दमात कधी बोललीच नव्हती. "हिचा थेट त्या काठावर जाते. दादाले देईन."

त्या, पांढुर्ण्याच्या काठावर वर्गातल्या अर्ध्या पोरांचे बाप उभे राहणार होते.

"कोणाले लागन, इचार केला का?" मॅडमनी विचारलं.

"दादाले लागला तवा कोणी केला?"

पोरांच्या हातची वस्तू मॅडमनी आजवर हिसकावली नव्हती. ही हिसकावली, कपाटात टाकली. पोरगी रडेल, भांडेल म्हणून त्या थांबल्या.

"ठेवा ना, मॅडम," उर्वशी शांतपणे म्हणाली. "आता येते मले."

मॅडम कुलूप लावत असताना मागं पांढुर्ण्याच्या अतुलनं तिला हळूच विचारलं, ते चामडं कसं बसवलं बे? उर्वशीनं मान तिरपी केली.

"मी नाही सांगत. करून पाह्य."

हुबेहूब मॅडमचा आवाज. पण या वेळी कोणी हसलं नाही. पोरं खाली वाकून दप्तरांत सुतळी शोधत होती.