नवरीचे मामा

अक्का माझी सख्खी बहीण नाही. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत दोन घरांना मिळून एकच भिंत. तिच्याकडं खिळा ठोकला की आमच्याकडचं कॅलेंडर हलतं. ती लग्न होऊन शेजारी आली तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं आणि मी बापाच्या गादी कारखान्यात कापूस पिंजत होतो. तिला भाऊ नव्हता. पहिल्या राखीपौर्णिमेला ताट घेऊन सरळ आमच्या दारात उभी राहिली आणि माझ्या आईला म्हणाली, "मावशी, तुमचा ह्यो पोरगा मला भाऊ म्हणून द्या." आईनं मला मानगुटीला धरून पुढं ढकललं. आम्ही मुसलमान, ते मराठा. त्या दिवशी कुणी तसा विषयसुद्धा काढला नाही.

पुढं तिला मुलगी झाली. बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, ते माझ्या मांडीवर निघालं. कान टोचतानाही ती माझ्याच मांडीवर होती आणि माझा नवा सदरा ओला करून मोकळी झाली. कॉलेजात असताना एकदा स्कूटी चालवत मोबाइलवर बोलताना दिसली, तर भर चौकात झापली मी तिला. रडत घरी गेली. अक्का म्हणाली, "मामा हाय त्यो. दोन लावल्या असत्या तरी मी इचारलं नसतं." असा आमचा कारभार होता.

मधल्या काही वर्षांत शहराची हवा बिघडली. कुणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी यायचं, मग मोर्चा, मग फटाफट शटरं खाली. अशाच एका दुपारी पोरांचा घोळका गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा अक्का हातात लाटणं घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसली. "माझ्या भावाचं घर हाय ह्ये," एवढंच मोठमोठ्यानं म्हणत राहिली. पोरं परत फिरली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं कुणा दुष्ट बाईनं केलं असं वाटायला नको. दुष्ट असती तर मला फार सोपं गेलं असतं.

दोन वर्षांमागं पोरीचं लग्न ठरलं. मुलगा बिद्रीकडचा, साखर कारखान्यात नोकरीला. "नवरीला भाईर तूच आणायचीस," असं अक्का सुपारी फुटायच्या आधीपासून सांगत होती. मी लग्नाची गादी दुकानातल्या माणसांना हात लावू न देता स्वतः भरली. फेटा बांधणाऱ्याला आधीच गाठून ठेवला. बायको म्हणाली, स्वतःच्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढे नाचला नव्हता.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी अक्का आमच्याकडं आली. हात पिवळे होते. बसली नाही.

"भाऊ, त्या लोकांचं जरा कडक हाय," ती म्हणाली. "नवऱ्या मुलाचा बाप त्या मोर्चाबिर्चात लई पुढं असतोय. तुझं कळलं तर मांडवातनं उठून जाईल. एक कर. उद्याच्या दिवस दुसरं नाव घे."

आणि तिनं नाव सांगितलं. तिच्या लांबच्या चुलतभावाचं. तो नेसरीला असतो आणि लग्नाला येणार नव्हता. "मान तुझाच की," ती म्हणाली, "फकस्त नाव त्याचं."

मला वाटलं होतं, हे सांगताना ती निदान खाली तरी बघेल. उलट अडलेलं काम मार्गी लागल्यासारखा तिचा चेहरा मोकळा झाला होता. मला राग आला आणि मी तो गिळला.

बायकोनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "मला तर नावही दिलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "म्हणजे मी यायचंच नाही. तुम्हीही जाऊ नका." मी तिच्यावर ओरडलो. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी उर्दू बोलतो, पण भांडण कोल्हापुरीतच होतं. "पोरीचा मामा हाय मी! जाऊ नको म्हणजे काय?" खरं कारण वेगळं होतं. मामा एकदा नवरीच्या मागं उभा राहिला की सासरच्यांच्या लेखी तो मामा झाला. लग्नानंतर तिला पहिल्यांदा माहेरी आणायला मुराळी जातो. तिला भाऊ नाही, तेव्हा ते माझंच काम. पुढं डोहाळजेवण, तिच्या लेकराचं बारसं. मी गेलो नसतो तर ती कायमची तुटली असती. ती माझी राहावी म्हणून एक दिवस दुसरा माणूस व्हायला मी कबूल झालो. बायको एकटी घरी राहिली.

कार्यालय उचगावच्या रस्त्याला होतं. दारातच कपाळाला गंध लावलं. त्याचं मला काही वाटलं नाही, दर भाऊबीजेला अक्का लावायचीच. मग समोरून आमच्या गल्लीतला दूधवाला आला. रोज सकाळी माझ्या नावानं गल्ली डोक्यावर घेणारा हा माणूस. त्यानं हात जोडले आणि मला नेसरीवाल्याच्या नावानं हाक मारली. मग किराणा दुकानदारानं मारली. मग तालमीतले दोघं आले, ज्यांच्याबरोबर मी लाल मातीत लोळत मोठा झालो, त्यांनीही तेच नाव घेतलं आणि तब्येत विचारली. अक्कानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी दिवसभर वाट बघत होतो, यांच्यातला एक तरी चुकेल. एवढ्या वर्षांची सवय, एकाची तरी जीभ घसरेल. कुणीही चुकलं नाही.

माइकवरून पुकारा झाला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." मी तिला घेऊन आलो. तिचा हात गार पडला होता, माझाही. मंगलाष्टकं चालू असताना मी तिच्या मागं उभा होतो. खोटं कशाला सांगू, तेवढा वेळ मी सगळं विसरलो होतो. अक्षता पडल्या तेव्हा मला रडू आलं.

जेवताना व्याही स्वतः जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होते. माझ्याशेजारीच टेकले आणि पाठीवर हात टाकून म्हणाले, "पावणं, तुमचं नेसरीला बरं हाय. हितं शहरात ह्या लोकांनी लई डोकं वर काढलंय." मी घास चावत राहिलो. अक्का समोर मसालेभात वाढत होती. त्यांनी तिला विचारलं, "ताई, तुमच्या गल्लीत हायती काय त्यातली?"

"हायती की दोन-चार घरं," अक्का म्हणाली. "आमी लांबच असतोय त्यांच्यापासनं."

आणि माझ्या ताटात भात वाढला. मी तिच्याकडं बघत राहिलो, तर ती म्हणाली, "जेव की, भाऊ." तो भात मी ताटाच्या कडेला सारून ठेवला. नाव बदलायला सांगितलं तेव्हा मी समजून घेतलं होतं. हे तिला कुणी बोलायला लावलं नव्हतं. नुसतं हसून पुढं गेली असती तरी चाललं असतं.

पाठवणीला पोरगी माझ्या गळ्यात पडली. बायका डोळे पुसत होत्या, मागं गाडीचं इंजिन चालू होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "रडू नको. चार दिवसांनी मीच येतो की तुला न्यायला."

तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं. "मामा, तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "पप्पांना पाठवा. तिथं घरात चार तास बसलं, गप्पा झाल्या की कळतंय सगळं. आणि फोनपण नको. मीच करीन."

मी बरं म्हणालो. गाडी गेली. अक्का शेजारी उभी होती, डोळे सुजलेले. "काय म्हणाली रं?" तिनं विचारलं. मी शब्दाला शब्द सांगितलं. आता तरी हिला काहीतरी वाटेल, असं मला वाटत होतं.

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. "शहाणी हाय माझी पोर," ती म्हणाली.