'कट'नंतरचा आवाज

वडील गेल्यावर मी मुंबईला परत जाईन, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही. पण दिवस झाले, नातेवाईक पांगले, आणि माझं सामान तिकडून इकडे आलं. बेळगावातल्या खासबागमधल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत पूर्वी माग होते. वडिलांच्या आजारपणात ते विकले. त्या मोकळ्या जागेत मी टेबल टाकलं, दोन मॉनिटर ठेवले, आणि हार्ड डिस्क ठेवायला आईच्या वेळचं फडताळ रिकामं केलं. मी चित्रपटांचं एडिटिंग करते. पुण्या-मुंबईहून डिस्क कुरिअरनं येते, बोलणं फोनवर होतं. त्यासाठी कुठं जावं लागत नाही, हीच त्यातली सोय आणि हीच अडचण.

आमच्या गल्लीत अजून पॉवरलूम चालतात. सकाळी ते सुरू झाले की भिंतीतून खडखडाट येतो, म्हणून मी हेडफोन चढवते ते संध्याकाळीच काढते. मधल्या वेळात माझ्या कानावर पडणारं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणासाठी तरी बोललेलं असतं. कधी कधी संध्याकाळी दुकानात दूध मागताना आवाज घोगरा लागायचा, तेव्हा लक्षात यायचं की आज तोंडातून निघालेलं हे पहिलंच वाक्य.

शेजारच्या आक्का म्हणायच्या, "दिवसभर पिक्चर बघायचं काम! नशीब काढलीस बघ."

मी हसायचे. एकच वाक्य दिवसभर बघत बसायचं, त्यातला एक श्वास ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं, हे त्यांना कसं सांगणार?

अशात तो चित्रपट आला. छोटाच होता. दिग्दर्शक पुण्याचा, शूटिंग खानापूर तालुक्यात झालेलं. गोष्ट एका म्हातारीची. ती दर आठवड्याला स्टेशनवर येऊन मुलाची वाट बघते आणि परत जाते. त्या कामासाठी त्यांनी नटी घेतली नव्हती, तिथल्या गुंजी गावचीच एक बाई घेतली होती. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली.

तिच्याबरोबर मी कित्येक महिने राहिले. राहिले असंच म्हणायला हवं. बोलायच्या आधी ती खालचा ओठ जिभेनं ओला करते, हे मला ठाऊक झालं. उठताना डावा गुडघा धरते. 'ॲक्शन' म्हणायच्या आधी कॅमेरा सुरू झालेला असायचा, तेव्हा ती आजूबाजूच्या पोरापोरींशी बोलत असायची. एकदा कॅमेऱ्यामागच्या मुलीला तिनं विचारलं होतं, "जेवलीस काय गं?" ती मुलगी लेन्सच्या अगदी शेजारी उभी असणार, कारण म्हातारी थेट माझ्याकडे बघत होती. तो तुकडा चित्रपटात जाणार नव्हता, पण मी वेगळा काढून ठेवला. दुपारी ताट घेऊन टेबलाशी बसले की तो लावायचे. यात हसण्यासारखं काही आहे असं तेव्हा मला वाटत नव्हतं.

शेवटचा प्रसंग असा होता. गाडी येते, कुणी उतरत नाही, गाडी निघून जाते. म्हातारी गाठोडं बांधते आणि चालू लागते. बऱ्याच टेकमध्ये तिनं तसंच केलं होतं. शेवटच्या टेकमध्ये मात्र ती उठलीच नाही. बाकावर बसून राहिली, पदर तोंडाशी नेला आणि रडायला लागली. कॅमेरा हलला नाही. बऱ्याच वेळानं 'कट' ऐकू आलं आणि मागोमाग टाळ्या.

टाळ्या वाजल्या की कॅमेरा बंद होतो आणि माणसं पुढच्या कामाला लागतात. पण तिच्या पोलक्याला लावलेला छोटा माईक चालूच राहिला होता. हेडफोनमध्ये लांबवर कुणीतरी चहा मागत होतं, आणि अगदी माझ्या कानाशी तिचा आवाज आला.

"हितंच निजलीवतीस न्हवं गं बाळे. हितंच."

मी ते परत ऐकलं. मग सहायक दिग्दर्शिकेला फोन लावला. ती म्हणाली, "त्यांची मुलगी वारली ना. त्या स्टेशनवरूनच तिला बेळगावच्या दवाखान्यात नेलं होतं. त्या स्वतः कधी काही बोलल्या नाहीत. शूटिंग संपल्यावर गावातल्या एका बाईनं सांगितलं."

त्या दिवशी मी लवकरच काम थांबवलं.

दिग्दर्शकाला तो शॉट शेवटी हवाच होता. फोनवर म्हणाला, "अगं, हा शॉट म्हणजेच पिक्चर आहे."

"ती तुझ्या पात्रासाठी रडत नाहीये," मी म्हटलं.

"म्हणून तर हवाय! असं कुठली नटी देणार आहे?"

"तिनं दिलेलं नाही ते. तिच्या हातून सुटलंय."

"कॅमेरा चालू होता हे तिला माहीत होतं."

"त्या वेळी तिला ते आठवत होतं, असं तुला खरंच वाटतं?"

तो जरा चिडूनच म्हणाला, "बरं, मग दुसरं काय आहे आपल्याकडे? दाखव."

दुसरं फारसं नव्हतं. आधीच्या टेकमध्ये ती नीट चालत जायची, पण त्यात जीव नव्हता. बरेच दिवस मी झगडले. गाडीचा शेवटचा डबा, तिचे हात, चालणं, असं लावलं तर ते नुसतं एका बाईचं घरी जाणं व्हायचं. मग एका टेकमध्ये, गाठ मारता मारता तिचे हात क्षणभर थांबलेले दिसले. दिग्दर्शक बाजूनं काहीतरी सांगत होता, ते ऐकायला थांबली होती. त्याचा आवाज मी काढून टाकला. हात थांबतात, पुन्हा गाठ मारतात, आणि पुढच्या शॉटमध्ये बाक रिकामा. गाडीचा आवाज तेवढा लांब जात राहतो. तिचं चालणं दाखवलंच नाही.

ते पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बघितलं. मला अजून तो रडण्याचाच शॉट हवासा वाटतोय," तो म्हणाला. "पण हे राहू दे."

पुढं चित्रपट ध्वनीच्या कामासाठी दुसरीकडे गेला आणि माझ्या मॉनिटरवरून म्हातारी गेली. काम संपल्यावर असं होतंच, पण या वेळी घर फारच रिकामं वाटायला लागलं. हेडफोन घालायचं कारण नव्हतं, तरी घालून बसायचे. शेवटी एके सकाळी उठून पॅसेंजरनं गुंजीला गेले.

घर स्टेशनपासून फार लांब नव्हतं. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा लहानखुरी. मी कुंपणाच्या बेड्याशी उभी राहिले. तिनं मान वर केली, खालचा ओठ ओला केला, आणि आता ही बोलणार हे मला आधीच कळलं.

"कोण गं? ब्यांकेची काय?"

"न्हाय आज्जी. बेळगावची, पिक्चरची."

"शूटिंगला तू नव्हतीस."

"नव्हते. माझं काम नंतरचं. काढलेलं जोडायचं, नको ते कापायचं."

"टेलरासारखं व्हय?"

"तसंच म्हणा."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंजे तू मला बगितलीस."

"रोज बघत होते. कितीतरी महिने."

"आनि मी तुला आजच बगतोय," ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं. इतके महिने मी जिला घरातलं माणूस समजत होते, तिच्या लेखी मी दारात उभी राहिलेली कुणीतरी होते. त्यात तिची काय चूक!

तिनं कोरा चहा केला. आम्ही पायरीवर बसलो. बराच वेळ ती शूटिंगच्या पोरांविषयी बोलली, लई चांगली पोरं हुती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ते बाकावर बसलोतो ते घातलासा काय त्यात?"

"न्हाय. काढलं."

"समदं?"

"समदं. तुम्ही गाठोडं बांधता, आणि मग नुसता बाक दिसतो."

"कुनी सांगितलं काढ म्हणून?"

मला खोटं बोलवेना. "तुमच्या पोलक्यावरचा माईक चालूच राहिला होता. नंतर तुम्ही जे बोललात, ते मला ऐकू आलं."

तिचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता उठून जा म्हणेल. "आनि कुनी ऐकलं?"

"कुनी न्हाय."

ती अंगणाकडे बघत राहिली. कोंबड्या सुपाजवळ आल्या, त्यांना तिनं हाकललं नाही. मग हळू आवाजात बोलायला लागली.

"गाडी लेट हुती. तिला बसवंना. माझ्या मांडीवर डोकं ठिवून पडली, त्याच बाकावर. फलाटावर लोकं हुती, बगत हुती. मला म्हणाली, आई, लोकं बगत्यात गं. तिला लाज वाटली. मी पदर घातलो तिच्या तोंडावर." तिनं पदर सारखा केला. "बरं केलीस तू. ते लोकांनी बगायचं न्हवतं."

मी म्हटलं, "तुमचा तो आवाज माझ्याकडच्या डिस्कमध्ये आहे. पुसून टाकू काय?"

तिनं खूप विचार केला. चहा संपवला, कप पालथा घातला.

"नको," ती म्हणाली. "कुठंतर असू दे."

चित्रपट बेळगावात लागला तेव्हा मी दुपारच्या खेळाला गेले. थिएटर बरंचसं रिकामं होतं. माझ्या पुढच्या रांगेत नवराबायको होते. रिकामा बाक आला तेव्हा बाईनं नवऱ्याला विचारलं, "संपलं काय?" तो म्हणाला, "संपलं वाटतं." ती दोघं उठली. श्रेयनामावलीत माझं नाव आलं तेव्हा सफाईवाला झाडू घेऊन आत आला होता.

गुंजीची माणसं गाडी करून सिनेमाला आली होती, असं सहायक दिग्दर्शिकेनं सांगितलं. म्हातारी आली नव्हती. घरी म्हैस आहे म्हणाली.

आता दुसरं काम आलंय. त्यात सगळी तरुण पोरं आहेत, भरभर बोलणारी. अजून त्यांची सवय व्हायचीय. मध्यंतरी कुंद्याच्या मिठाईचा पुडा घेऊन मी पुन्हा गुंजीला गेले, तर घराला कुलूप. शेजारीण बाहेर आली. म्हणाली, "भैनीकडं गेलीय अळणावरला. कधी येतीय म्हायती न्हाय." मी पुडा तिच्याकडे दिला.

"कोण आलतं म्हणून सांगू?" तिनं विचारलं.

मला चटकन सांगता येईना. नाव सांगून उपयोग नव्हता, म्हातारीनं ते कधी विचारलंच नव्हतं.

"बेळगावची आलती म्हणून सांगा," मी म्हटलं, आणि गाडीची वेळ झाली होती म्हणून निघाले.