एकही बांगडी फुटली नाही

आज मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक सून आली, सोबत नवरा आणि सासू. नवरा म्हणाला, "बाथरूममध्ये पडली."

पडताना माणूस हात टेकतो आणि बहुतेकदा मनगट मोडतं. हिचं मनगट शाबूत होतं, कोपर ते मनगटामधलं करंगळीकडचं हाड मधोमध तुटलेलं. डोक्यावरचा फटका हातावर झेलला की असं होतं, मंडळी.

सुजलेल्या हातात हिरव्या बांगड्या रुतल्या होत्या. मी कटर घेतला, तर सासू आडवी आली. "कापू नका. माझ्या मुलाला अपशकुन होईल."

सूनच पुटपुटली, "राहू द्या मॅडम, मला घरी जायचंय."

सासूने साबण लावून त्याच हातावरून एकेक बांगडी ओढली. सून किंचाळली. "नाटकं नको ना," नवरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

बांगड्या उतरवण्याआधी काढलेला एक्सरे समोर आहे. त्यात हाड तुटलेलं आणि बांगड्या अखंड दिसतायत. अपशकुन कुठला, तुम्हीच सांगा.