सरांच्या अक्षरातल्या बाटल्या

मस्कतच्या आमच्या प्रयोगशाळेत सर निवृत्त झाल्यावर रसायनांची जबाबदारी माझ्याकडे आली. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं होतं. मागच्या खोलीत टाकाऊ रसायनांचे सहा ड्रम होते, त्यांवर नावं होती. शेजारी तपकिरी काचेच्या चौदा बाटल्या. त्यांवर सरांच्या बारीक अक्षरात नुसतं ‘क-३, जुने’, ‘क-७, हलवू नये’.

कचरा नेणाऱ्या कंपनीने तीन महिने ‘इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात’ केलं आणि जुलैत एकदाचा ट्रक पाठवला. ड्रायव्हर रत्नागिरीकडचा. ड्रम चढवून झाले आणि तो बाटल्यांपाशी थबकला.

“मॅडम, ह्यात काय हाय?”

“माहीत नाही.”

“मग नाय नेता येणार. कागदावर नाव लागतं. रस्त्यात काय झालं तर मी काय सांगू?”

त्याचं बरोबरच होतं. दोन बाटल्यांच्या झाकणांभोवती पांढरे खडे जमले होते. झाकण नुसतं फिरवलं किंवा उष्णता लागली तरी तसल्या खड्यांचा स्फोट होऊ शकतो, म्हणजे उघडून बघायची सोय नव्हती.

“पाच मिनिटं थांबा,” मी म्हणाले आणि सरांना पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या बायकोने, काकूंनी, उचलला.

“अगं, त्यांना हल्ली आठवत नाही. सकाळी मलाच विचारत होते, आपण कुणाकडे आलात म्हणून.”

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी काकूंनी फोन त्यांच्यासमोर धरला. मी बाटलीला हात न लावता कॅमेरा जवळ नेला.

“अक्षर माझंच आहे!” सर खूश झाले.

“सर, क-सात म्हणजे काय?”

“वहीत असेल.”

“वही कुठे आहे, सर?”

“तू कुठल्या बॅचची गं?”

मी काहीतरी उत्तर दिलं. ड्रायव्हर तोंड फिरवून उभा होता. “ऱ्हाऊ दे, मॅडम,” म्हणाला, सहा ड्रमांच्या कागदावर माझी सही घेतली आणि गेला.

वही पुण्याच्या घरात नाही, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी कळवलं. इथली कपाटंही मी उपसली. सुरक्षा विभागाला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं, आधी आत काय आहे ते कळवा. रसायनं तपासून देणाऱ्या कंपनीचे लोक म्हणाले, नमुना द्या. नमुन्यासाठी झाकण उघडावं लागणार, आणि त्याला सुरक्षा विभागाची परवानगी नाही.

ऑगस्टमध्ये एका सुट्टीच्या दुपारी मी जेवत असताना पहारेकऱ्याचा फोन आला, त्या खोलीचा एसी बंद पडला होता. दार्सैतच्या घरून टॅक्सी करून धावत गेले. मिस्त्री येईपर्यंत दोन तास काचेतून आतल्या थर्मामीटरचा आकडा चढताना बघत बसले. आत जाऊन करणार काय? एसी सुरू झाला. बाटल्या अजून तिथेच आहेत, आणि घरी जेवताना फोन वाजला की माझा घास हातातच राहतो.