मुद्दाम आंबवलेलं

माझ्या मुलाने पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि तो बिअर बनवायला लागला, हे आमच्या धरणगावात कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी ‘फूड प्रोसेसिंगमध्ये आहे’ असं सांगते आणि समोरची ‘हो का, छान’ म्हणते. दोघींचंही भागतं.

माझ्या नवऱ्याने मात्र तेव्हापासून त्याच्याशी बोलणंच टाकलं. पोरगा समोर बसलेला असला तरी मला सांगायचं, “तुना पोरले जेवाले बोलाव.” नोकरी होती तोवर तो यांचा पोरगा होता.

या हिवाळ्यात मळ्यात भरीत करायचं ठरलं तेव्हा तो आला, सोबत पेपरात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. लाकडी पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेली, केळी घातलेली, कपाशीच्या काड्यांचा धूर दिलेली आंबट बिअर. काड्या त्याने आपल्याच बांधावरून पोत्यात भरून नेल्या होत्या. तेव्हा मला वाटलं, पुण्यात गॅस मिळत नसेल. स्वतःच्या डोक्याने केलेली ही त्याची पहिलीच बिअर. घरच्यांनी चाखावी एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि ‘घरच्यांनी’ म्हणताना तो यांच्याकडे बघत होता.

माझ्या मोठ्या जाऊबाई काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होत्या. धुराचा वास नसेल तर त्या भरताला भरीत म्हणत नाहीत. बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असं त्यांच्या भावाने त्यांना सांगून ठेवलंय, म्हणून त्यांनी स्टीलच्या फुलपात्रातून घोटभर घेतली. मग पदराने तोंड पुसून पोराच्या पाठीवरून हात फिरवला.

“आंबी गयी रे बेटा. करपनी बी शे. व्हस आसं. पुढला खेपले जमी.”

“मोठी आई, मुद्दाम आंबवलीय ती. धूरही मुद्दाम दिलाय.”

“मुद्दाम?” जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की याला कुठे दाखवलंस की नाही. आंबलं आणि करपलं, या दोन शब्दांत माझी सासरची पहिली वर्षं अख्खी सांगून होतात. डाळ आंबली तरी सून बिनकामाची, भाजी करपली तरी सून बिनकामाची. माझा मुलगा दोन्ही एकाच बाटलीत भरतो आणि लोक म्हणे असल्या बिअरसाठी रांग लावतात. मी जरा घाईच केली सून व्हायची.

मग मी चाखली. आधी जीभ आकसली, मागून केळ्याचा गोडवा आला आणि घशात धूर रेंगाळत राहिला. मला आवडली. चारचौघांत तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून ‘बरी आहे’ म्हटलं आणि फुलपात्र परत पुढे केलं.

हे आमच्याकडे पाठ करून बांधावर बसले होते, केळीच्या बागेवर लक्ष ठेवून. बाग कुठे पळून जाणार होती कोण जाणे. मुलाने भरलेलं फुलपात्र यांच्याशेजारी ठेवलं आणि तिथेच उभा राहिला. यांनी ते लाथाडलं असतं तर पोरगा पुन्हा घरी आला नसता, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि तेव्हा मला एकही टोमणा सुचला नाही.

यांनी फुलपात्र उचललं, वास घेतला, घोट घेतला. मग हळूहळू सगळं संपवलं.

“केळं कोठलं?” यांनी विचारलं. मला नव्हे, त्याला.

तो गडबडला. “पुण्याच्या मार्केटमधलं, नाना.”

“आपला मळामा काय कमी व्हतं?”

“मागायची हिंमत झाली नाही.”

हे उठले, धोतर झटकलं आणि बागेकडे चालू लागले. चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, “पुढला महिनामा घड कापाले येतीन. टेम्पो लई येजो, भरी लई जाजो.”