मागच्या बाकावरचे सर

पन्नाशी उलटलेला, सहा फूट उंचीचा माणूस चौथीतलं पोर होऊन बाकावर बसतो आणि "गुर्जी, एकीला जाऊ?" म्हणून करंगळी वर करतो, हे परभणीच्या आमच्या अध्यापक विद्यालयात न शिकलेल्या माणसाला सांगून पटायचं नाही. सराव पाठाला वर्गातले मित्रच विद्यार्थी व्हायचे. आमचे सरही विद्यार्थी व्हायचे. मागच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसायचे. आम्ही त्यांना बाकवाले सर म्हणायचो.

पोर झाले की ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चुकीचंच द्यायचे, आणि तेही छातीठोकपणे. एकदा आम्ही कारण विचारलं, तर म्हणाले, "हुशार पोरगं तुमच्याबिगर बी शिकतंय. माझ्यासारख्यासाठी तुमाला पगार हाय."

खरी धास्ती पाठ संपल्यावर असायची. पाठ टेपरेकॉर्डरवर भरलेला असे. सर तो सगळ्या वर्गासमोर लावत आणि निरीक्षण तक्ता ज्याचा पाठ त्याच्याच हातात देत. आवाज, प्रश्न, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अशा मुद्द्यांपैकी जमलेल्यापुढे त्यानेच खूण करायची. स्वतःचा तो चिरका आवाज ऐकून मान खाली गेली की सर म्हणत, "तुमचा आवाज तुमालाच ऐकवंना, अन् पोरायनं रोज ऐकायचा व्हय?"

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. गावोगावी वातावरण तापलेलं, मधूनच एसट्या बंद. वसतिगृहातल्या पंगती कुणी न सांगता वेगळ्या झाल्या होत्या. मी सोनपेठकडच्या एका बौद्ध वस्तीतला, घरातून शिकायला बाहेर पडलेला पहिलाच. त्यात माझा पाठ आला. तो मंजूर झाला नाही तर खऱ्या शाळेवर पाठ मिळणार नव्हते, आणि मग गावी परत जाऊन सालगडी होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

विषय गोदावरीचा होता. मी विचारलं, "ही नदी आपल्या जिल्ह्यात कुठून कुठं जाते?" एकही हात वर आला नाही. पुन्हा विचारलं. टेपची चाकं तेवढी फिरत होती. पहिल्या बाकावरचा, दुसऱ्या पंगतीतला, पाथरीकडचा उत्तम खिडकीबाहेर बघत पेनाचं टोपण काढत-लावत बसला होता.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "गुर्जी, मी सांगू? ती जिंतूरकडं जाते."

उत्तमचं शेतच गोदाकाठी. त्याला हे सोसवेना. "काय बी सांगायलाय ह्यो. न्हाई गुर्जी, जिंतूर कुठं अन् गंगा कुठं. आमच्याकडनं ती सोनपेठच्या अंगाला जाते." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मग कुणीतरी गंगाखेड म्हणालं, कुणी घाटाचं सांगितलं, आणि वर्ग बोलायला लागला.

तक्ता भरताना मी 'प्रतिसाद' कोराच सोडला. सरांनी तो बघितला, टेप मागे घेतला आणि पुन्हा लावला. "न्हाई गुर्जी," उत्तमचा आवाज आला. सरांनी टेप थांबवला.

"तुमाला गुर्जी कोन म्हनलं?"

मी उत्तमकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"म्हनलं का न्हाई? मग करा की खूण."

मी खूण केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते सरांना दिसलं असणार, पण त्यांनी पुढच्या पाठाचं नाव पुकारलं. विद्यालयात कॅसेट एकच होती. दुसऱ्या दिवशी माझ्या गोदावरीवर कुणाचा तरी अपूर्णांक भरला गेला.

उत्तमची आणि माझी फार दोस्ती झाली असं नाही. पण त्यानंतर माझ्या पाठाला तो हात वर करायचा.

मी मास्तर झालो. सर निवृत्त होऊन जिंतूरला गेले, आणि एके दिवशी ते वारल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी चौथीला मी मुद्दाम तोच प्रश्न विचारला. सगळ्या पोरांनी एका सुरात बरोबर उत्तर दिलं. मी तरीही मागच्या बाकाकडे बघत थांबून राहिलो. मला चुकीचं उत्तर हवं होतं.